नेहमीचं औषध

५ मार्च

वन्सं,

फोनवर हल्ली ऐकू येत नाही म्हणता, आणि मला ओरडून बोलता येत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील तर खुशाल काढा. मुख्याध्यापिका होतात तेव्हाही काढत होतात, आता तर वेळच वेळ.

बातमी अशी की आमचे डॉक्टर गेले. घाबरू नका, तसे नाही गेले, त्यांचा दवाखाना गेला. बस डेपोच्या पलीकडे नवीन आरोग्य केंद्र झालंय, तीन मजली, सगळं काचेचं. वेगवेगळ्या भागांतले सहा डॉक्टर आपापले दवाखाने बंद करून तिथे एका छपराखाली बसणार आहेत. एक्स-रे तिथेच, रक्त तिथेच, औषधं तिथेच. मला हे आमच्या कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याकडून कळलं. पँटच्या चेनी बदलायला घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, आता तुमचं कसं होणार?" मी म्हटलं, "का, मला काय झालं?" तर म्हणाला, "तेच तर, तुम्हाला कायम काहीतरी झालेलं असतं."

मंगळवारी गेले तेव्हा कंपाउंडर बाटल्या खोक्यात भरत होता. समोरासमोरची ती दोन बाकं रस्त्यावर उन्हात काढून ठेवली होती. इतकी वर्षं मी त्यावर मंगळवार काढले. ती तशी उघड्यावर बघून मला उगीचच लाज वाटली, आपलंच अंथरूण कुणी बाहेर टाकल्यासारखी. डॉक्टरांनी बीपी घेतलं, नाडी पाहिली, झोपेची चौकशी केली. मी म्हटलं, "नेहमीचं द्या." त्यांनी नेहमीचं दिलं. म्हणाले, "काळजी करू नका, तिथेही मी आहेच."

तुम्हाला आठवत असेल, तुमचे दादा गेल्यावर तुम्ही आणि तुमचा छोटू मला न्यायला आला होतात, तेव्हा याच डॉक्टरांनी तुम्हाला बजावलं होतं, "यांची तब्येत नाजूक आहे, यांना हवापालट मानवणार नाही." मला गल्ली सोडायची बंदी घालून स्वतः मात्र गेले की नाही डेपोपलीकडे! आता मंगळवारी सकाळी काय करायचं हा प्रश्नच आहे. बाकी ठीक.

तुमची,
वहिनी


१४ मार्च

वहिनी,

तुझ्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका इतक्या होत्या की लाल पेन संपलं. पण मजकूर वाचून करमणूक झाली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असे आहेत तुझे डॉक्टर. आता तेच हलले म्हटल्यावर तुला कसली बंदी? उचल बॅग आणि ये इकडे. इतकी वर्षं सांगतेय, माझी खोली मोठी आहे, दोन पलंग मावतात.

इथे घर कसं भरलेलं असतं, तुला कल्पना नाही. छोटूचा ऑफिसला निघताना दंगा, सुनेचा मोबाइल सापडत नाही, नातीला रोज एका बुटाचा शोध. मला दोन ओळी निवांत लिहायला मिळत नाहीत. छोटूने मला नवा पलंग करून घेतलाय. तीन-तीन उशा लावून राणीसरकारांसारखी बसल्या बसल्या झोपते. तू आलीस तर एखादी तुला देईन म्हणते.

आमच्या इथले डॉक्टर दोन वर्षांपूर्वीच अशा केंद्रात गेले. मी एकदाही फिरकले नाही. आमच्या डॉक्टरांना माझी कुंडली तोंडपाठ होती. त्या तिथल्या नव्या पोरापोरींसमोर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न कोण म्हणत बसणार? आणि मला झालंय काय? तुझ्यासारखी नाजूक नाही मी. वर्गात शिरले की साठ मुली गप्प व्हायच्या, तीच मी अजून आहे.

ये.

वन्सं


२ एप्रिल

वन्सं,

जाऊन आले एकदाची. बसने डेपोपर्यंत आणि मग चालत. दार आपोआप उघडतं. मी ढकलायला हात पुढे केला आणि तोंडावर पडता पडता राहिले. आत यंत्रातून नंबराचा कागद घ्यायचा. खुर्च्या सुरेख आहेत, पण सगळ्या जमिनीला ठोकलेल्या आणि एकाच दिशेला तोंड केलेल्या. समोर पडदा, त्यावर नंबर येतात. माणसाला माणसाचं डोकं मागून दिसतं, तोंड दिसत नाही. आपल्या जुन्या दवाखान्यात समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागायचा, आणि कुणाचा खोकला कुठला हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. इथे इतकी माणसं होती आणि कुणी कुणाशी बोलेना. मी शेजारच्या बाईला विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" तिने पर्स पोटाशी धरली.

मला आमचे डॉक्टर मिळाले नाहीत. ज्याचा नंबर लागेल तो डॉक्टर, अशी पद्धत आहे. एक तरुण मुलगी होती. गोड होती हो, उगीच नावं ठेवणार नाही. म्हणाली, "आजी, काय त्रास होतो?"

"नेहमीचा."

"नेहमीचा म्हणजे?"

वन्सं, इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "नेहमीचा म्हणजे मंगळवारचा." ती हसली नाही. तिने संगणकात पाहिलं, गोळ्यांचं पाकीट उलटसुलट केलं, आणि म्हणाली, "सगळ्या तपासण्या करून घेऊ." हृदयाचा आलेख काढला, रक्त काढलं, छातीचा फोटो काढला. कपडे बदलायच्या खोलीत मी एकटीच उभी होते, पाठीला बंद असलेला तो झगा घालून, आणि बंद पाठीमागे बांधायला हात पुरत नव्हते. कुणाला हाक मारावी ते कळेना. मग तशीच गेले.

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात.

वहिनी


११ एप्रिल

वहिनी,

रिपोर्ट आले का? काय निघालं? गोलगोल लिहू नकोस. मला मुद्दा लागतो.

सून विचारत होती तुझ्याबद्दल. नात म्हणते, मामीआजी कधी येणार?

वन्सं


२० एप्रिल

वन्सं,

रिपोर्ट आले. नेहमीच्या गोळ्या बंद केल्या आहेत त्यांनी. आता पुढे काय ते बघायचं. फार विचार करू नका.

लॉन्ड्रीवाल्याने पडद्यांचं मोठं काम आणलंय, त्यात वेळ जातो. दवाखान्याच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान येतंय.

वहिनी


२८ एप्रिल

वहिनी,

गोळ्या बंद केल्या म्हणजे? इतक्या वर्षांचं औषध असं एका दिवसात बंद करतात ते दोनच कारणांनी, एक तर माणूस बरा होतो, नाहीतर औषधाच्या पलीकडे जातो. तू बरी झालेली असतीस तर चार पानं लिहिली असतीस. "फार विचार करू नका" हे वाक्य मी ओळखते. आमच्या ह्यांच्या वेळी डॉक्टर हेच म्हणाले होते.

मी काही ऐकणार नाही. येत्या रविवारी छोटूला पाठवते. तो गाडीने येईल, तुझं सामान बांधेल आणि तुला घेऊन येईल. कुलूप चांगलं लाव. शिलाईचं मशीन लॉन्ड्रीवाल्याकडे ठेव. घाबरू नकोस. मी आहे.

हे पत्र एका बैठकीत लिहून झालं नाही, म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे.

वन्सं


२५ मे

वन्सं,

त्या रविवारी मी सकाळपासून बॅग भरून बसले होते. नंतरच्या रविवारीही. छोटू आला नाही, तुमचं पत्रही आलं नाही. कामात असेल, मी समजू शकते. पण तुम्हाला घोर लावून मी गप्प बसले, हे काही बरं नाही. तेव्हा मुद्दा सांगते.

मला काहीही झालेलं नाही.

त्या मुलीने सगळे कागद समोर मांडले आणि म्हणाली, "आजी, तुमचं हृदय पन्नाशीतल्या बाईसारखं आहे. ह्या नुसत्या ताकदीच्या गोळ्या आहेत, कुणालाही मिळतात. आता इतक्या लांब यायची काही गरज नाही." दुसरी कुणी असती तर पेढे वाटत घरी आली असती. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं. मी बसमध्ये रडले. आपला आजार गेला म्हणून रडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. पण मंगळवारी मला कुठेतरी जायचं असायचं, वन्सं. कुणीतरी माझा हात हातात घेऊन घड्याळाकडे बघायचं. तेवढंच होतं माझ्याकडे.

मग मी आमच्या डॉक्टरांना गाठायचं ठरवलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कसला त्रास आहे?" मी म्हटलं, "डॉक्टरांचाच." तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला त्यांची खोली. खोलीत खिडकी नाही. मला बघून ते उठून उभे राहिले, मग पडद्याकडे बघून पुन्हा बसले, कारण तिथे म्हणे प्रत्येकाला मोजून वेळ असतो.

मी विचारलं, "डॉक्टर, मला काय झालंय?"

"काही नाही."

"कधीपासून?"

 म्हणाले, "पहिल्यापासूनच."

"मग मी दर मंगळवारी कशाला येत होते?"

"बसायला. नुसतं बसायला आलेय असं कुणी म्हणत नाही हो, काहीतरी कारण लागतं. ते मी चिठ्ठीवर लिहून देत होतो. इथे तसं लिहून द्यायची सोय नाही."

"आणि हवापालटाचं काय?"

"त्या दिवशी तुमच्या नणंदबाई बोलत होत्या आणि तुम्ही दाराची कडी घट्ट धरून उभ्या होतात. मला वाटलं, या बाई घर सोडायच्या नाहीत, आणि तोंडाने नाही म्हणायच्याही नाहीत. म्हणून मीच म्हटलं."

मला राग आला, वन्सं. भयंकर राग आला. मी नाजूक आहे म्हणून छोटूच्या लग्नाला आले नाही. नात झाली तेव्हा आले नाही. तुमचे हे गेले तेव्हासुद्धा आले नाही, इथे बसून रडले. आणि ती नाजूक तब्येत म्हणजे त्यांना माझ्या तोंडाकडे बघून सुचलेलं एक वाक्य! मी उठले. ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मंगळवारी मलाही चुकल्यासारखं होतं." मी उत्तर दिलं नाही. आता वाटतं, द्यायला हवं होतं.

तर आता माझ्याकडे न यायला कारण उरलेलं नाही. दाराची कडी मी सोडली आहे. तुम्ही इतकी वर्षं बोलावत होतात ते मनापासून असेल, तर मी येते. छोटूला त्रास नको, मी रेल्वेने एकटी येईन. एक बॅग आणि मशीन, एवढंच सामान. कधी येऊ ते कळवा.

वहिनी


६ जून

वहिनी,

तुला काही नाही हे वाचून बरं वाटलं.

म्हणजे आमचे हे गेले तेव्हा तू येऊ शकत होतीस. त्या आठवड्यात घर माणसांनी भरलं होतं आणि मी दाराकडे बघत होते. असो. तुला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

सध्या येऊ नकोस. घराचं रंगकाम काढलंय. सगळं सामान मधोमध, माणसाला उभं राहायला जागा नाही. सुनेच्या माहेरचेही कुणी यायचे आहेत. रंगाच्या वासाने मला जिन्यात दोनदा टेकावं लागतं, तर तुझं काय होईल? उन्हाळाही फार आहे. संध्याकाळी चपला पायात जात नाहीत इतके पाय जड होतात. अशात पाहुणे नकोत.

रंगाचं आटोपलं की मीच कळवीन. तोवर तू तुझी शिलाई सांभाळ. तुझी तब्येत ठणठणीत आहे, तेव्हा काळजी नाही.

वन्सं


१९ जुलै

वन्सं,

महिनाभर लिहिलं नाही, कारण मला फार लागलं होतं. इतकी वर्षं "ये, ये", आणि निघते म्हटल्यावर रंगकाम! मी शहाणी असते तर आजारीच राहिले असते, असं मनात आलं. दोनदा पत्र लिहायला घेतलं आणि दोन्हीदा चार ओळींतच कडू व्हायला लागलं, म्हणून फाडलं.

तुम्हाला हसू येईल, पण मंगळवारी मी अजून केंद्रात जाते. नंबर घेत नाही. खालच्या खुर्च्यांवर बसते आणि परत येते. पहारेकरी विचारतो, "आजी, कुणाची वाट बघताय?" मी म्हणते, "येणार आहे एक जण." तो पाणी आणून देतो. आता त्याला माझी सवय झाली आहे.

परवा शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. फोनवर मुलाला सांगत होते, "येताना अजून एक उशी आण रे, दोन पुरत नाहीत." आणि मी एकदम ताठ बसले.

आमच्या जुन्या दवाखान्यात डॉक्टरांची खोली आणि बाकं यांच्यामध्ये नुसती प्लायवूडची फळी होती. आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. ताप, खोकला, पोट, यात आम्हाला गोडी नव्हती. पण कुणाला डॉक्टरांनी विचारलं, "झोपताना उशा किती घेता?" की आम्ही सगळे बोलायचे थांबायचो. लॉन्ड्रीवाल्याच्या वडिलांना विचारलं होतं. ते आधी म्हणाले एक, मग काही महिन्यांनी दोन. ते तीन म्हणाले तेव्हा डॉक्टर स्वतः त्यांना धरून बाहेर आले आणि गाडी बोलावली. आडवं झालं की ज्याला दम लागतो तो माणूस उशा वाढवतो, आणि ते छातीचं दुखणं असतं, हे मी त्या फळीमुळे शिकले.

घरी आले आणि तुमची सगळी पत्रं काढून बसले. तीन उशा, आणि तुम्ही त्यात राणीसरकार! जिन्यात दोनदा टेकणं, संध्याकाळी चपला न जाणं, एका बैठकीत पत्र न होणं. वन्सं, रंगाच्या वासाने पाय सुजत नाहीत. आणि फोन नको म्हणालात तो कानांमुळे, की बोलताना धाप लागते म्हणून? पत्रात धाप ऐकू येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

उंटावरून शेळ्या हाकतेय म्हणाल. म्हणा. पण हे पत्र वाचून झालं की त्याच दिवशी तुमच्या तिथल्या केंद्रात जा. नंबराचा कागद घ्या. ज्याचा नंबर लागेल त्या डॉक्टरपुढे बसा. आणि काय होतंय विचारलं की "बरं आहे" म्हणू नका. तुम्ही मुख्याध्यापिका आहात, तुम्हाला कुणी प्रश्न विचारलेला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगा. नवी माणसं फळीआडून आपल्याला ऐकत आलेली नसतात, त्यांना सगळं तोंडाने सांगावं लागतं. मला सांगण्यासारखं काहीच नव्हतं तर मी जाऊन बसले. तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही घरात बसलायत.

छोटूला सोबत घ्या. तो कुठे आहे हो? रविवारी निघालेला माणूस अजून पोचला नाही.

मी रागावलेली नाही. मला भीती वाटते आहे. या जगात मला आता वहिनी म्हणणाऱ्या फक्त तुम्ही उरल्या आहात.

वहिनी


३१ जुलै

वहिनी,

हे पत्र मी केंद्राच्या खाटेवरून लिहितेय. पाठीशी पलंग वर करून ठेवलाय, त्याला कळ असते, त्यामुळे उशांची भानगड मिटली. अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र वाचलं आणि आधी नेहमीसारखी चिडले. शिलाई करणारी बाई मला काय शिकवते, असं मोठ्याने म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कारण घरात ऐकायला कुणी नव्हतं. छोटूला गेल्या हिवाळ्यात परदेशात बदली मिळाली. सून आणि नात त्याच्याबरोबर गेल्या. दर रविवारी फोन येतो, मी चार शब्द बोलते, खणखणीत आवाज काढते आणि ठेवून देते, नंतर बराच वेळ बसून राहावं लागतं. मला त्याला "मला ने" म्हणायचं नव्हतं आणि "तू राहा" म्हणायचंही नव्हतं. मग तुला लिहायला लागले. दंगा, मोबाइल, नातीचा बूट, सगळं पूर्वीचंच होतं, फक्त तारीख आजची घालत होते. तुला भरलेलं घर लिहिताना तेवढा वेळ ते मला भरलेलं वाटायचं. कुणाला पाठवणार होते मी रविवारी? तू मरायला टेकली आहेस असं वाटलं तेव्हा हातून लिहून गेलं, आणि मग तोंड दाखवायला जागा उरली नाही. तू येते म्हणालीस तेव्हा तर घाबरलेच. येशील आणि रिकाम्या खोल्या बघशील, म्हणून. जूनमधल्या त्या पत्रातला राग खरा होता, रंगकाम खोटं होतं. आता रागही संपला.

तर गेले केंद्रात. जिना उतरायलाच अर्धी सकाळ गेली. नंबर घेतला. माझ्यापुढे नातीपेक्षा थोडीच मोठी वाटावी अशी एक डॉक्टर बसली होती. तिने विचारलं काय होतंय, आणि वहिनी, माझ्या तोंडून "बरं आहे" निघालंच. जन्माची सवय. मग मी पिशवीतून तुझं पत्र काढलं आणि उशांपासून चपलांपर्यंत वाचून दाखवलं, उभं राहून, वर्गात धडा वाचतात तसं. मध्येच दम लागला. ती उठून आली आणि तिने मला खाली बसवलं.

"या वहिनी डॉक्टर आहेत का?"

"नाही, पेशंट आहे."

"कशाच्या?"

"कशाच्याच नाही," मी म्हटलं, आणि मला इतकं हसू आलं की तिने नाडी धरली.

मला घरी सोडलंच नाही. वरच्या मजल्यावर आलेख, बाजूला फोटो, त्याच्या बाजूला ही खाट, सगळं एका छपराखाली. जुना दवाखाना असता तर त्यांनी चिठ्ठी देऊन लांब कुठेतरी पाठवलं असतं आणि मी गेले नसते. हृदय थकलंय, म्हणून अंगात पाणी साचलंय. ते काढायच्या गोळ्या देताहेत. पाय बारीक झाले, माझेच आहेत असं वाटत नाही. बरी होईन म्हणतात. पण पूर्ण नाही, जपून राहावं लागेल, हेही म्हणाले. मी नाजूक झाले, बघ.

इथे माझ्या नावाने हाक मारतात, बाई कुणीच म्हणत नाही. दुपारी भेटायची वेळ असते तेव्हा सगळ्यांकडे माणसं येतात, आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेते. वहिनी, मला फार एकटं वाटतं. हे वाक्य मी कधी लिहिलेलं नाही. यात एकही चूक नाही, तपासून पाहिलं.

पहिल्याच दिवशी सिस्टर हातातल्या फळीला कागद लावून आली आणि म्हणाली, "घरी सोबत कोण आहे? एकट्या असाल तर सोडता येणार नाही." मी म्हटलं, "वहिनी आहे." तिने विचारलं, "कुठे आहेत त्या?" मी म्हटलं, "निघाली आहे." आता ती रोज सकाळी विचारते, आल्या का वहिनी? मी रोज सांगते, गाडी उशिराने धावतेय. काल शेजारच्या खाटेवरची म्हणाली, इतका उशीर कुठली गाडी करते हो?

साठ-साठ मुलींना मी आयुष्यभर बजावलं, खोटं बोलू नका. आता या वयात, इतक्या लोकांत, मला खोटं पाडू नकोस.

वन्सं